मोदकाला कळ्या कमी पडल्या म्हणून काय झालं?



श्रावण निम्मा सरला की आमच्या मंडणगडात बोलण्याचा विषय एकच. ‘तुमची मंडळी कधी येणार?’ बाजारात भाजी घेताना, एस.टी. स्टँडवर, दवाखान्यात नंबर लावून बसल्यावर, अगदी शाळेत मधल्या सुट्टीतसुद्धा हाच प्रश्न. मंडळी म्हणजे आमचे चाकरमानी. मुंबई-ठाण्याहून, पुण्याहून येणारे दीर-जावा, नणंदा, भाचरं. गणपतीच्या शाळेत आपापला पाट देऊन झालेला असतो, घराघरांतून जळमटं निघत असतात, पावसानं शेवाळलेली अंगणं खरवडली जात असतात. वर्षभर दोन म्हाताऱ्या माणसांचं असलेलं घर पाच-सात दिवसांसाठी वीस माणसांचं होतं. कोकणातल्या माणसाला दिवाळी एक वेळ चुकली तरी चालेल, पण गणपती चुकवणं जिवावर येतं.

आणि याच दिवसांत लहान मुलांच्या आया सर्वांत जास्त रडकुंडीला येतात. ज्यांच्या घरात पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या आळीतल्या एका घरी मुंबईची सून आली होती, मुलगा तीन वर्षांचा. हरतालिकेचा उपास, रात्रभर प्रवास, पहाटे उठून सोवळ्यातला स्वयंपाक, चाळीस-पन्नास मोदक, आल्यागेल्याचा चहा. पोराला नवं घर, नवी माणसं, झांजांचा आवाज, झोपेचं खोबरं. त्यानं तिसऱ्या दिवशी मखरातली दिव्यांची माळ ओढली आणि अर्धी सजावट खाली आली. बाईनं सगळ्यांदेखत त्याच्या पाठीत धपाटा घातला. मूल रडलं, गप्प झालं. संध्याकाळी मी हळदीकुंकवाला गेले तेव्हा ते आजीला विचारत होतं, ‘बाप्पा कधी जाणार?’ आजी कौतुकानं म्हणाली, ‘अरे, आत्ताच तर आलाय! का रे, जायला हवाय का तुला?’ तर म्हणालं, ‘हो. मग आई रागावणार नाही.’

सगळे हसले. त्याची आई मात्र उठून मागच्या पडवीत गेली.

त्या बाईचं काय चुकलं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. चूक तिची नव्हतीच. पण ज्या सणासाठी आपण एवढा जिवाचा आटापिटा करतो, तो कधी एकदा संपतोय असं आपल्याच लेकराला वाटावं, यासारखं वाईट ते काय? म्हण आहे ना, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! म्हणून यंदा श्रावणातच या विषयावर चार गोष्टी बोलून घेऊ या.

हे ओझं येतं कुठून?

पहिलं ओझं आपल्याच आठवणींचं. माहेरचा गणपती आठवा बरं. नवा फ्रॉक, दूर्वा खुडायला केलेली धावपळ, पातेल्याचं झाकण उघडल्यावर आलेला हळदीच्या पानांचा वास, आरतीला हातात मिळालेली झांज. किती सुंदर! पण त्या चित्रात आपली आई कुठं आहे? आरतीच्या वेळी मागे, पदरानं घाम पुसत उभी. तिची पाठ दुखत होती का, रात्री किती वाजता तिनं अंग टाकलं, कुणाचं बोलणं तिला लागलं होतं, यातलं काही आपल्याला दिसलंच नव्हतं. आपण त्या सणाचं गोड टोक तेवढं पाहिलं. आणि आज स्वतः आई झाल्यावर आपण तोच गोडवा शोधतो, तोही स्वयंपाकघरात उभं राहून. तो तिथं कसा सापडणार?

दुसरं ओझं माणसांच्या नजरेचं. गावाकडं सुनेची परीक्षा गणपतीत होते, हे कितीही नाही म्हटलं तरी खरं आहे. अमकीच्या मोदकाला एकवीस कळ्या, तमकीच्या घावनाला किती सुरेख जाळी, हे वर्षभर बोललं जातं. त्यामुळे ‘सगळं सोडून द्या हो’ असं मासिकात लिहिणं सोपं, करणं अवघड, याची मला कल्पना आहे.

आणि तिसरं, नवं ओझं मोबाईलचं. सकाळी सात वाजता दुसरीच्या घरच्या मखराचा फोटो आपल्या हातात येतो. शेजारी नऊवारी नेसलेली तिची दोन वर्षांची मुलगी हात जोडून बसलेली! फोटो काढायच्या आधी ती मुलगी किती रडली आणि नंतर लुगडं सोडून कशी पळाली, ते फोटोत येत नाही. पण आपण मात्र आपल्या शेंबड्या, किरकिऱ्या पोराकडे बघतो आणि उगाचच खट्टू होतो.

हे फक्त गणपतीचंच आहे असंही नाही. म्हाप्रळकडची माझी एक मुसलमान मैत्रीण आहे. ती म्हणाली, ‘ईदच्या सकाळी माझंही हेच. नवे कपडे घातले की पाच मिनिटांत शीरखुर्मा अंगावर!’ सण कुणाचाही असो, आईचा जीव टांगणीला लागतो तो सारखाच.

मुलाला काय हवं असतं?

मी आठवड्यातून चार दिवस सकाळी बालवर्गाला शिकवते. गणपतीची सुट्टी संपून मुलं परत आली की मी त्यांना गोल बसवून विचारते, ‘तुमच्या घरी गणपतीत काय काय झालं?’ आजवर एकाही मुलानं मखराचं नाव काढलेलं नाही. कुणी सांगतं, आमच्याकडे आरतीत बेडूक आला. कुणी सांगतं, लाईट गेली आणि काकानं भुताची गोष्ट सांगितली. कुणी सांगतं, दादा चिखलात पडला. एका मुलीनं सांगितलं, ‘आम्ही सगळ्या ओळीत झोपलो आणि मी आजीच्या शेजारी.’ तिच्या लेखी गणपती म्हणजे तेवढंच! आणि मोदक? मोदक आवडला म्हणणारी पुष्कळ, पण कळ्या मोजलेलं मूल मला अजून भेटायचंय.

मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात की मोठेपणी माणसाला आठवणारी पहिली आठवण सर्वसाधारणपणे तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची असते. त्याआधीचं बहुतेक सगळं पुसलं जातं. म्हणजे दीड वर्षाच्या बाळाचा ‘पहिला गणपती’ अगदी साग्रसंगीत झाला, तरी त्याला तो आठवणार नाही. ती हौस आपली असते. हौस जरूर करावी, पण ती आपल्यासाठी आहे एवढं मनाशी कबूल केलं की मग ‘एवढं केलं तरी हा रडतोच आहे’ असा राग त्या बाळावर निघत नाही.

लहान मुलाची सणातली गरज फार साधी असते. वेळेवर झोप, वेळेवर ओळखीचं खाणं, आणि नव्या गर्दीत आपलं असं एक माणूस. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलेल्या प्रमाणाप्रमाणे १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी, दुपारची झोप त्यात धरून. आता आपल्या गणपतीतल्या दिवसाचा हिशोब मांडा. रात्री भजन, मग जाखडी बघायला जागरण, पहाटे गडबड, दुपारी पाहुणे. सात-आठ तास झोप झाली तरी नशीब. तिसऱ्या दिवशी मूल माळ ओढणार नाही तर काय करणार? ते द्वाड नसतं, दमलेलं असतं.

आपल्या पूजेतच सवलत आहे

कुणी म्हणेल, देवाधर्माचं आहे, कमी कसं करायचं? तर पूजेला गुरुजी संकल्प सांगतात तो एकदा नीट कान देऊन ऐका. त्यात ‘यथाज्ञानेन’ आणि ‘यथामिलित’ असे दोन शब्द येतात. म्हणजे मला आहे तेवढ्या ज्ञानानं आणि मिळालं आहे तेवढ्या साहित्यानं मी ही पूजा करतो. सोळा उपचारांची पूजा मांडताना आरंभालाच हे म्हणून टाकलेलं असतं! आणि पूजा संपतानाही काही कमी राहिलं असेल, मंत्र चुकला असेल, तर क्षमा कर, असंच आपण म्हणतो. म्हणजे पूजा परिपूर्ण होणार नाही हे देवाला आधीपासून ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते आपल्यालाच.

चालीरीतींतही किती मोकळीक आहे पाहा. कुणाचा गणपती दीड दिवसाचा, कुणाचा पाच दिवसांचा, कुणाचा गौरीबरोबर जातो, कुणाचा अनंत चतुर्दशीपर्यंत. कुठं गौर तेरड्याच्या रोपांची, कुठं खड्यांची, कुठं मुखवट्याची. नैवेद्याला कुणाकडं घावन-घाटलं, तर कुणाकडं तिखटाचा मान. सगळ्यांच्या घरी देव सारखाच येतो आणि सारखाच प्रसन्न होतो. मग लेकुरवाळ्या घरानं आपली रीत दोन-चार वर्षांपुरती जरा आटोपशीर केली, तर देव का रागावेल?

काय ठेवायचं, काय सोडायचं?

आता कामाचं बोलू. चतुर्थीच्या आठ-दहा दिवस आधी सासूबाई, जाऊबाई, नणंद यांच्याशी मिळून (मुंबईला असाल तर फोनवर) एकच गोष्ट ठरवा: आपल्या घरी कोणत्या तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत? आमच्याकडे हा प्रश्न निघाला तेव्हा सासूबाईंनी जरा वेळ विचार करून सांगितलं, ‘वेळेवर पूजा, हाताचे एकवीस मोदक आणि दोन्ही वेळच्या आरतीला सगळं घर हजर.’ बस्स. बाकी सगळं ‘जमलं तर’ या सदरात गेलं. यात एक गंमत आहे. काय सोडू असं विचारलं तर मोठ्या माणसांना ते लागतं. काय राखू असं विचारलं तर त्यांना मान मिळतो, आणि सुटायचं ते आपोआप सुटतं.

मोदक नैवेद्याचे एकवीस हातानं करा. बाकी घरासाठी पातोळ्या करा. उकडीलाही तेच तांदळाचं पीठ आणि सारणालाही तोच नारळ-गूळ, पण हळदीच्या पानावर भिजवलेलं पीठ पसरायचं, सारण घालायचं, पान दुमडायचं आणि वाफवायचं. कळ्या नाहीत, पारी चिरायची भीती नाही. परसात हळद लावलेली असेल तर पानंही घरचीच. सारण आदल्या दिवशी करून ठेवता येतं. आणि उरलेल्या उकडीच्या मीठ-मिरची घालून निवगऱ्या केल्या की मुलांना मोदकापेक्षा त्याच जास्त आवडतात, असा माझा अनुभव आहे.

नैवेद्य होईपर्यंत मुलांना उपाशी ठेवू नका. आरती व्हायला दीड-दोन वाजतात. आदल्या रात्रीच ठरवून त्यांचा मऊभात, तूप, मेतकूट वेगळं काढून ठेवावं आणि अकराच्या आत त्यांना भरवून टाकावं. आमच्या सासूबाई तर चार मोदक आधीच वेगळ्या भांड्यात उकडून मुलांना देतात. ‘हा तुमचा गणपती, तो आमचा’ म्हणतात. त्यामुळे नैवेद्याच्या ताटात हात घालण्याचा आणि उष्टं झाल्याचा वादच उरत नाही.

ज्या अंगावर पाजत आहेत त्यांनी हरतालिकेचा निर्जळी उपास करू नये. पाणी, दूध, फळं घ्यावीत. आदल्या दिवशी रिकाम्या पोटी राहून दुसऱ्या दिवशी चुलीपुढं उभं राहायचं, त्यात पोर अंगावर, हे कोणत्याच व्रताला अपेक्षित नाही.

सजावटीच्या बाबतीत सरकारनं आपलं काम सोपं केलं आहे. महाराष्ट्रात थर्माकोलवर २०१८ साली बंदी आली. एखादी जरीची जुनी साडी मागे सोडली, गणपतीवर बांधतात ती चौकट (कुठं तिला मंडपी म्हणतात, कुठं माटवी) रानातल्या फुलाफळांनी भरली, की झालं. विजेच्या माळा मुलांच्या हाताच्या वर बांधाव्यात. समईजवळ एक मोठं माणूस असावं. चटका बसलाच तर भाजलेला भाग वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद असलं काही लावू नये.

प्रसादाचीही एक काळजी घ्या. पंचखाद्यातली खडीसाखर आणि खारकेचा तुकडा, अख्खे शेंगदाणे, फुटाणे चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या हातात पडू देऊ नका. घशात अडकतात. त्यांच्यासाठी केळं किंवा कुटलेली खिरापत ठेवावी. पोट बिघडलं तर ओ.आर.एस.ची पुडी, आणि ती नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण कागदावर लिहून फडताळाच्या दाराला चिकटवून ठेवा.

आणि घरातली एक खोली, निदान एक कोपरा, पाहुण्यांपासून राखून ठेवा. दुपारी दोन तास तिथं दिवा बंद, दार लोटलेलं, आणि मुलाजवळ त्याच्या सवयीची गोधडी. जाखडीला एक रात्र जागू द्या. रोज नको.

मुंबईहून निघणाऱ्या भगिनींनो, तुमच्यासाठी वेगळं सांगते. महामार्गावर गणपतीच्या आधीचे दोन दिवस काय परिस्थिती असते ते तुम्ही जाणता. ‘आरतीला पोचू’ असं वचन देऊन निघू नका. मुलाला ताप असेल तर निघूच नका. एक दिवस उशिरा या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर तो प्रवासाचा नाही, लगेच डॉक्टरांकडे जायचा प्रश्न आहे. आणि गावाकडच्या सासवांनो, ‘चतुर्थीला नाही आलात तर काय उपयोग’ हे वाक्य यंदा गिळून टाका. उशिरा आलेला नातू रात्रभर ओकाऱ्या काढत वेळेवर पोचलेल्या नातवापेक्षा बरा.

पुरुष मंडळी काय करतात?

हे विचारल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. केंद्र सरकारनं २०१९ साली देशभर माणसांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. त्यात दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात आणि पुरुष ९७ मिनिटं. तीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी, हात न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत! हे साध्या दिवसाचं. सणाचा दिवस असेल तर हिशोब तुम्हीच करा.

पण कोकणातला पुरुष गणपतीत कामाला लागतो, हेही खरं. मूर्ती डोक्यावरून आणणं, चौकट बांधणं, नारळ सोलणं, पत्री आणणं, भजनाची जुळणी हे सगळं तोच करतो. म्हणजे काम करायची तयारी असते, फक्त मूल सांभाळणं हे त्या यादीत कुणी लिहिलेलं नसतं. ते लिहा. नावानिशी लिहा. ‘सकाळी नऊ ते बारा मुलं मोठ्या काकांकडे, दुपारी झोपवणं बाबांकडे.’ यादी फडताळावर चिकटली की काकाही बिचारे निमूट करतात, आणि करता करता रमतात.

विसर्जनाला तर हे हवंच. भाद्रपदात आमच्या नद्या आणि पऱ्ये भरून वाहत असतात. प्रत्येक लहान मुलामागे एक मोठं माणूस, ज्याच्या हातात ना आरतीचं ताट ना मोबाईल. आणि बाप्पा पाण्यात गेल्यावर मूल रडलं तर ‘वेडा आहेस का’ म्हणू नका. जवळ घ्या. त्याला खरंच वाईट वाटलेलं असतं.

मुलांना लुडबुडू द्या

सोडून द्या म्हणजे मुलांना मोबाईल देऊन कोपऱ्यात बसवा, असा अर्थ कुणी घेऊ नये. उलट त्यांना कामात घ्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली, तेव्हा महागडी साधनं न आणता शिंपले, बिया, पानं, फुलं यांवरच त्यांनी मुलांना शिकवलं. आपली पत्री म्हणजे दुसरं काय? तीन वर्षांचं मूल पानं धुऊन देईल. चार वर्षांचं एकवीस दूर्वा मोजेल, चौदा-पंधरावर चुकेल, पुन्हा मोजेल. पाच वर्षांचं पाट मांडेल, घंटा वाजवेल. उकडीचा एक गोळा त्याच्या हातात द्या आणि त्यानं जे काही केलं असेल ते त्याच्यादेखत वाफवा. आकार उंदरासारखा झाला तर अधिकच चांगलं!

डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक इंग्रज बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होऊन गेले (१८९६-१९७१). रेडिओवरून ते आयांशी बोलत असत. परिपूर्ण आई मुलाला लागत नाही, ‘पुरेशी चांगली’ आई लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. अगदी तान्ह्या बाळाचं सगळं आई पुरवते, पुढं हळूहळू थोडंथोडं कमी पडत जाते, आणि त्या कमी पडण्यातूनच मूल जगाशी जुळवून घ्यायला शिकतं. मात्र आई त्याच्यापाशी आहे ही खात्री त्याला हवी. आमच्या आज्यांनी विनिकॉट वाचला नव्हता, पण ‘पोर आपसूक वाढतं, तू फक्त जवळ ऱ्हा’ हे त्या म्हणतच होत्या की.

वेळासची कासवं

गणपतीत आलेल्या पाहुण्यांना सगळं एकदाच बघायचं असतं. बाणकोटचा किल्ला, वेळासचा किनारा, बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे. मुलं बरोबर असतील तर एका सुट्टीत एकच ठिकाण पुरे. आणि वेळासची कासवं भाद्रपदात दिसत नाहीत, एवढं पाहुण्यांना आधीच सांगावं. ती साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखण्याचं काम हाती घेतलं, आणि २००६ पासून गावकऱ्यांबरोबर तिथं कासव महोत्सव होऊ लागला. गावातल्याच घरांतून पाहुण्यांची सोय होते. लांबलांबून आईबाप मुलांना घेऊन येतात, पहाटे उठवून समुद्रावर नेतात. घरट्यावरची टोपली उचलली जाते. कधी पिल्लं असतात, कधी एकही नसतं. अंड्यातून बाहेर यायला त्यांना दीड-दोन महिने लागतात आणि ती आपल्या सुट्टीचं वेळापत्रक बघून येत नाहीत.

अशा रिकाम्या पहाटे मी दोनदा पाहिल्या आहेत. मोठ्यांचे चेहरे उतरतात. ‘एवढ्या लांबून आलो!’ आणि त्याच वेळी त्यांची मुलं वाळूत भोकं पाडणाऱ्या खेकड्यांमागे धावत असतात, पाय ओले करत असतात, ओरडत असतात. त्यांच्या दृष्टीनं काहीच बिघडलेलं नसतं. बिघडलेलं असतं ते आपण मनात धरून आलेलं चित्र. त्या क्षणी आपण मुलाला ‘चला, काही नाही इथं’ म्हणून ओढून नेतो, की चपला काढून त्याच्याबरोबर पाण्यात उतरतो, यावर ती सहल कशी झाली हे ठरतं.

गणपतीचंही तसंच आहे, बायांनो. यंदा लाईट जाईल, एखादा मोदक फुटेल, कुणीतरी आरतीत रडेल, कुणाचा तरी फोटो आपल्यापेक्षा छान येईल. जाऊ द्या. रात्री भांडी जरा वेळ तशीच राहू देत. मुलाच्या शेजारी दहा मिनिटं आडव्या व्हा आणि आज काय काय झालं ते त्याच्या तोंडून ऐका. नाकापेक्षा मोती जड होऊ देऊ नका, एवढंच सांगणं.

आणि हो, पातोळ्या वाफवताना पानं फार कोवळी घेऊ नका, पीठ चिकटतं. जून पानं घ्या, देठाची शीर थोडी तासून टाका, म्हणजे छान दुमडतात. करून बघा आणि कळवा. बाप्पा तुमच्या घरी सुखानं येवोत, आणि मुलांना ते जाऊ नयेत असंच वाटो!